चैत्रातल्या बातम्या

गेली काही वर्षं माझी एक सवय आहे. गुढीपाडवा झाला की दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' कपाटातून काढायचं आणि पहिलं प्रकरण, 'वसंतहृदय चैत्र', पुन्हा वाचायचं. शाळेत धडा म्हणून ते अनेकांनी वाचलेलं असतं आणि धडा म्हणून वाचलेल्या गोष्टींचं जे होतं तेच त्याचंही झालेलं असतं. पुढची अकरा प्रकरणं त्या त्या महिन्यात वाचायची, असा बेत असतो. पौष आणि माघ बहुतेक राहून जातात. चैत्र मात्र चुकत नाही.

२०२५ साली तो अर्धवट राहिला. २२ एप्रिल, मंगळवार, चैत्र वद्य नवमी. संध्याकाळी परतीच्या गाडीत पहलगामची बातमी फोनवर आली. २६ माणसं मारली गेली होती. रात्री उशिरा कळलं की त्यातले तीन जण डोंबिवलीचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे मृतदेह पश्चिमेला भागशाळा मैदानात आणले गेले. मी गर्दीत मागे उभी होते. जगात काहीही झालं तरी ते रात्री नऊच्या बातम्यांत बघायचं आणि जेवायला बसायचं, ही आमच्या गावाची जुनी पद्धत. त्या दिवशी बातमी टीव्हीवर न थांबता मैदानात आली होती.

मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल, तर ती माणसं तिथे कशासाठी गेली होती हे. थंड हवा, हिरवं गवत, मुलांची सुट्टी, चार दिवस बातम्यांपासून लांब. म्हणजे आपण सगळे ज्याला साधा आनंद म्हणतो, तोच.

त्या आठवड्यात गाडीत मी पुस्तक उघडलं तेव्हा शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढं सगळं चाललंय आणि तू पिंपळाची पानं काय वाचत बसलीयेस?" तिचा सूर रागाचा नव्हता, थकलेला होता. मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. वैशाख आला आणि गेला.

पण प्रश्न राहिला, आणि तो मैत्रिणीला उत्तर देण्यापुरता नव्हता. 'ऋतुचक्र' हे पळवाटेचं पुस्तक आहे का? मराठीत ज्या मोजक्या पुस्तकांनी वाचकांना रोजच्या जगण्यातला आनंद नुसता दाखवला नाही तर तो घ्यायला शिकवलं, त्यांत ते वरच्या जागी आहे. १९५६ पासून ते वाचलं जातंय. बातम्या वाईट असताना असं पुस्तक वाचण्यात काही खोट असेल, तर ती खोट पुस्तकात आहे की वाचणाऱ्यात, एवढं तरी मला ठरवायचं होतं.

मराठीत आनंदाचा तुटवडा कधीच नव्हता. सकाळी सहाला फोनवर येणारी 'शुभ सकाळ'ची फुलं हा आज मराठीतला सर्वाधिक वाचला जाणारा साहित्यप्रकार असावा. त्यात एक गुलाब असतो, एक वाफाळता कप असतो आणि जगणं सुंदर आहे असं सांगणारं एखादं वाक्य असतं, बहुतेक वेळा व. पु. काळे किंवा पु. ल. देशपांडे यांच्या नावावर खपवलेलं, त्यांनी ते लिहिलेलं असो वा नसो. या प्रकाराबद्दल तुच्छतेनं बोलणं सोपं आहे. मीही बोलत असे. पण आमच्या मजल्यावरच्या काकू, ज्या रोज न चुकता असा गुलाब पाठवतात, त्यांनी नवरा गेल्यावर टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या त्या कायमच्या. "मला झेपत नाही गं, मी आनंदात राहायचं ठरवलंय," असं त्या म्हणतात. हा त्यांचा निर्णय आहे आणि त्याच्यामागे काय आहे ते मला ठाऊक आहे. त्यामुळे मी गुलाबाला हसत नाही. तरीही गुलाबाची अडचण अशी की तो कुठला आहे हे कुणालाच माहीत नसतं. कुठल्याही बागेतला नाही, कुठल्याही महिन्यातला नाही. त्याला कीड लागत नाही. तो मुळात बघण्यासाठी नसतोच, पुढे पाठवण्यासाठी असतो.

आनंदाची जरा वरच्या दर्जाची परंपरा मंगेश पाडगावकरांची. जगण्यावर शंभरदा प्रेम करायला सांगणारं त्यांचं गाणं यशवंत देवांच्या चालीत आणि अरुण दात्यांच्या आवाजात घराघरात गेलं आणि त्याचबरोबर पाडगावकरांवर गोडगोडपणाचा शिक्काही बसला. शिक्का मारणारे विसरतात ते हे की, याच कवीनं आणीबाणीनंतर 'सलाम' लिहिला, आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'सलाम'लाच, १९८० साली. लाचारीची एवढी लांब आणि एवढी ओंगळ यादी मराठी कवितेत दुसऱ्या कुणी क्वचितच केली असेल. मला मात्र पाडगावकरांत एक फट दिसते. आनंदाची गाणी एका खोलीत आणि 'सलाम' दुसऱ्या खोलीत. मधलं दार बहुधा बंदच असतं. एका खोलीतला माणूस दुसऱ्या खोलीतला आवाज ऐकतो आहे, असं वाचताना जाणवत नाही.

डोंबिवलीचं म्हणाल तर आमच्याकडे शं. ना. नवरे होते. जन्म इथला आणि शेवटही इथलाच, २०१३ साली. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'आनंदाचं झाड' आहे. मध्यमवर्गीय घरातली आई, मुलगी, चहा, रुसवाफुगवा, समजूत: शन्नांची माणसं एकमेकांशी बरी वागतात आणि त्यामुळे वाचणाऱ्यालाही थोडा वेळ बरं वागावंसं वाटतं. हे काही लहान काम नाही. पण शन्नांचं घर दार लावून घेतलेलं घर आहे. आत ऊब आहे ती दार लावल्यामुळे. भागशाळा मैदानावरून परतल्यावर ते दार मला उघडेना.

आता 'ऋतुचक्र'कडे येते. मी ज्येष्ठात ते पुन्हा उघडलं, आणि यावेळी चक्क आरोपपत्र हातात घेऊन. वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की या पुस्तकात 'आनंदी राहा' असं कुणालाही सांगितलेलं नाही. दुर्गाबाई वाचकाच्या पाठीवरून हात फिरवत नाहीत. त्या पिंपळ बघतात. त्याची चैत्रातली तांबूस-गुलाबी पालवी बघतात, आणि नुसती सुंदर म्हणून सोडून देत नाहीत. रंग कुठला, तो किती दिवस टिकतो, उन्हात कसा दिसतो, मग हिरवा कसा होत जातो, हे बघतात. मधुमालती येते, करंज येतो, माडाच्या लोंब्या येतात. आणि त्याच आदरानं घाणेरी येते. घाणेरी म्हणजे टणटणी, रेल्वेरुळांच्या कडेला उगवते ती, आपण जिच्या वासानं नाक मुरडतो ती. एखाद्या 'शुभ सकाळ'मध्ये घाणेरी आलेली मी पाहिलेली नाही.

मला वाटतं फरक इथे आहे. गुलाबाचा आनंद निवडीतून येतो. वाईट ते वगळलं की उरतं ते सुंदर. दुर्गाबाईंचा आनंद नीट बघण्यातून येतो, आणि नीट बघणाऱ्याला वगळता येत नाही. निष्पर्ण फांदीही बघावी लागते, सडलेलं फळही. ज्याची नजर पानाच्या रंगात एका आठवड्यात पडलेला फरक टिपते, त्याच्या नजरेतून माणसाच्या चेहऱ्यात पडलेला फरक सुटेल कसा?

हे वाक्य लिहिताना छान वाटतं, पण ते खरं आहे का? निसर्ग बारकाईनं बघणारे कितीतरी लोक माणसांबाबत आंधळे असतात. रविवारी पहाटे येऊरच्या जंगलात दुर्बीण लावून बसणारे, एकेक पक्षी नावानिशी ओळखणारे आणि तिथल्या पाड्यावरच्या एकाही माणसाचं नाव ठाऊक नसणारे ठाणेकर मला माहीत आहेत. (मीही त्यांतली एक होते, दुर्बीण उसनी.) तेव्हा नजर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आपोआप जाते, असं नाही. आणि 'ऋतुचक्र'वर माझा खरा आक्षेप इथेच आहे: या पुस्तकात माणूस फार कमी येतो. येतो तो बहुधा सणांतून, लोकपरंपरेतून, संस्कृत कवींच्या मागोमाग. घाम गाळणारा माणूस नाही. चैत्र-वैशाख म्हणजे आमच्या जिल्ह्यात पाण्याचे महिने. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यातली, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर याच महिन्यांत टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. चैत्राच्या हृदयात ही रांग नाही.

दुर्गाबाईंना हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्या समाजशास्त्र शिकलेल्या, आदिवासी भागांत फिरून काम केलेल्या. त्या भटकंतीतच विषबाधा झाली आणि त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून राहिल्या. आजारपणानं माणूस कडू होतो किंवा गोड होतो. त्या दोन्ही झाल्या नाहीत, काटेकोर झाल्या. तेव्हा 'ऋतुचक्र'मधून माणूस बाहेर राहिला तो अज्ञानानं नव्हे, निवडीनं. ती निवड मला पूर्ण पटत नाही. शैलीबद्दलही थोडं: विशेषणं पुष्कळ आहेत, महिन्यांना माणसाचं रूप देण्याची हौस आहे, आणि काही ठिकाणी संस्कृतचा साज इतका जड होतो की खाली पान दिसेनासं होतं. मराठी ललित निबंधात पुढे जे साजूक तुपातलं निसर्गवर्णन बोकाळलं, त्याला हे पुस्तक अगदीच जबाबदार नाही असं म्हणवत नाही.

जगात हा वाद नवा नाही. जॉर्ज ऑरवेलनं १९४६ च्या एप्रिलमध्ये 'ट्रिब्यून'मध्ये एक छोटा निबंध लिहिला होता, सामान्य बेडकाविषयी. हिवाळा संपताना बेडूक जमिनीतून कसा वर येतो यापासून सुरुवात करून तो लंडनमधल्या वसंताकडे येतो. महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, शहर बॉम्बनं फुटलेलं होतं, अणुबॉम्ब नवा होता. अशा वेळी वसंतानं सुखावणं हा अपराध आहे का, असं तो सरळ विचारतो, आणि नाही म्हणतो. सत्ताधाऱ्यांना हे सुख आवडत नसलं तरी ते थांबवता येत नाही, आणि आज कशातही सुख घेता न येणारा माणूस उद्या न्याय्य समाज आला तरी त्याचं काय करणार, असा त्याचा एकूण रोख. निबंध मला अतिशय आवडतो. तरी 'ऋतुचक्र'शेजारी ठेवला की जाणवतं, ऑरवेल कैफियत मांडतोय. निसर्गाबद्दल चांगलं लिहिलं की वाचकांची शिवीगाळ करणारी पत्रं येतात, हे तो त्या निबंधातच सांगतो. त्याच्या मनात आधीच एक गाडीतली मैत्रीण बसलेली आहे. दुर्गाबाई कैफियत देत नाहीत. पिंपळ का बघावा, याचं समर्थन त्या कुणालाच देत नाहीत. मला आता वाटतं, त्या उत्तर देत नाहीत असं नाही. उत्तर त्यांनी दिलं, पण पुस्तकात नाही, आणि एकोणीस वर्षांनी.

ते कऱ्हाडला दिलं. पण तिथे जाण्याआधी वाटेत थोरो आहे. हेन्री डेव्हिड थोरोच्या 'वॉल्डन'चं मराठी भाषांतर दुर्गाबाईंचं आहे, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावानं. तळ्याकाठी झोपडी बांधून राहणारा हा माणूस वर्तमानपत्रांविषयी फार खडूसपणे बोलतो. एक दरोडा, एक खून, एक आगगाडीखाली आलेली गाय, एवढं एकदा वाचलं की पुरे. तत्त्व कळलं, आता त्याचे हजार दाखले कशाला वाचायचे, असं त्याचं म्हणणं. आमच्या काकूंनी ते वाचलं असतं तर फ्रेम करून लावलं असतं. पण तळ्याकाठच्या त्याच मुक्कामात, १८४६ च्या जुलैमध्ये, थोरो एक रात्र तुरुंगातही राहून आला. गुलामी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या सरकारला कर देणार नाही, म्हणून. बातम्या न वाचणाऱ्या माणसाला हे युद्ध नेमकं कळलेलं होतं. म्हणजे तो वर्तमानपत्र टाळत होता, जग टाळत नव्हता. बातमी किती ऐकायची आणि बातमीचं आपण काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फोनमुळे आपल्याला ते एकच वाटू लागले आहेत. रात्री दीडपर्यंत बोटानं पडदा सरकवत राहणं म्हणजे जगाची चिंता करणं, अशी आपली समजूत झाली आहे.

दुर्गाबाई १९७५ च्या डिसेंबरमध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणीला जेमतेम सहा महिने झाले होते. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. त्या मांडवात दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न उघडपणे मांडला आणि आजारी, कैदेतून नुकत्याच सुटलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेला उभं केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. १९७७ च्या निवडणुकीत त्या आणि पु. ल. देशपांडे आणीबाणीविरुद्ध सभांतून बोलले. पुलं हे तर मराठीतले सगळ्यात लाडके आनंदयात्री. त्यांच्याबाबतीतही, हसवणारा माणूस अचानक गंभीर कसा झाला, असं आश्चर्य लोकांनी केलं. पानं बघणारी बाई मंत्र्यासमोर उभी कशी राहिली, हे आश्चर्यही त्याच जातीचं.

आणीबाणीच्या काळात नेमकं काय टंचाईचं होतं, ते आठवून पाहण्यासारखं आहे. बातम्या. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. वाईट बातमी छापायची नाही, असा नियमच. आणि आनंद मात्र सरकारी दरानं मुबलक मिळत होता: शिस्त आली, संप थांबले, गाड्या वेळेवर धावतात. 'अनुशासन पर्व' हा शब्द विनोबांच्या नावानं भिंतीभिंतीवर होता. गाड्या वेळेवर धावण्याचं आमिष काय चीज आहे, हे कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या भागात आजही कुणी आठ-सत्तावीस वेळेवर सोडून दाखवली, तर बदल्यात त्याला बरंच काही मागता येईल. माझे वडील, अत्यंत सज्जन गृहस्थ, शेवटपर्यंत सांगायचे की, काही म्हणा, त्या दोन वर्षांत गाडी कधी चुकली नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या रोजच्या जगण्यात खरोखरच वीस मिनिटांचं सुख आलं होतं आणि ते वीस मिनिटं आधी घरी येऊन आम्हाला गोष्टी सांगत होते. त्या गोष्टी मला आठवतात. त्या सुखाची किंमत कोण कुठल्या तुरुंगात बसून देत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून 'वाईट काळातही छोट्या गोष्टींत आनंद शोधा' हा सल्ला ऐकला की मला आता तो देणाऱ्याचा पत्ता विचारावासा वाटतो. काकू तो स्वतःला देतात तेव्हा त्याला एक अर्थ असतो. सरकार देतं तेव्हा दुसरा. वाहिनी सलग तीन तास युद्ध दाखवून मध्येच पंधरा सेकंद मसाल्याच्या जाहिरातीतलं सुखी कुटुंब दाखवते तेव्हा तिसरा. 'ऋतुचक्र'चा आनंद यांपैकी कुणीही दिलेला नाही. पिंपळाची पालवी कुणी वाटत नाही, त्यामुळे ती कुणी काढूनही घेऊ शकत नाही, आणि तिच्या बदल्यात गप्प बसायला कुणी सांगू शकत नाही. कऱ्हाडच्या दुर्गाबाई आणि चैत्रातल्या दुर्गाबाई यांच्यामध्ये मला बंद दार दिसत नाही ते यामुळे. ज्याचं सुख मिंधं नाही, त्याला भीती घालायला फारसं काही हातात उरत नाही. पुस्तकातून माणसं वगळल्याचा माझा आक्षेप मात्र मी यामुळे मागे घेत नाही. लेखकाच्या आयुष्यातल्या धैर्याचे गुण पुस्तकाच्या खात्यात जमा करता येत नाहीत. येतं ते एवढंच म्हणता की, या पुस्तकानं त्या धैर्याच्या आड यावं असं काही केलं नाही.

त्या ज्येष्ठात मी एक उद्योग सुरू केला. पुस्तकाच्या माझ्या प्रतीत, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या पानाच्या समासात, पेन्सिलीनं आमच्या भागाच्या बातम्या लिहायच्या. चैत्रात लिहिलं: पहलगाम, भागशाळा मैदान. वैशाखाशी आले आणि पंचांग काढलं. डोंबिवली एमआयडीसीतला २६ मे २०१६ चा स्फोट आणि २३ मे २०२४ चा स्फोट, दोन्ही वैशाखातले. दुसरा तर बुद्धपौर्णिमेच्या दुपारी. खिडक्यांच्या काचा कुठवर फुटल्या होत्या ते तेव्हा इथे राहणाऱ्या प्रत्येकाला आठवतं. ज्येष्ठ लिहीत असतानाच ९ जून २०२५ उजाडला आणि मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारी माणसं शेजारून जाणाऱ्या गाडीला घासून खाली पडली. ती गाडी आमचीच, म्हणजे रोज आम्ही ज्या मार्गानं जातो त्याच मार्गावरची. गाडीतल्या मैत्रिणीनं त्या दिवशी मला दोनदा फोन केला. आषाढात २६ जुलै २००५. त्याखाली २७ जुलै २०१९: वांगणीजवळ पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि आतल्या सगळ्यांना बोटींतून सुखरूप काढलं. ही लिहिताना लक्षात आलं की चांगली बातमीही बातमी असते, फक्त तिची तारीख आपण पाठ करत नाही. ही मला शोधावी लागली.

माघाच्या पानावर गुलाबी रस्ता लिहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांनी अक्षरशः गुलाबी झाला होता आणि मुख्यमंत्री तो बघायला आले होते. त्याआधी काही वर्षं हिरवा पाऊसही पडून गेला होता. दुर्गाबाईंना रंगांची कोण हौस! इथे असत्या तर त्यांनी हाही गुलाबी नेमका कुठला, पिंपळाच्या पालवीचा की आणखी कुठला, हे डोळे बारीक करून बघितलं असतं असं मला वाटतं. आणि मग कारखान्याचं नाव विचारलं असतं.

समास भरत गेला तसं मला वाटलं होतं की छापील मजकूर हळूहळू खोटा वाटू लागेल. तसं झालं नाही. पेन्सिलीचा मजकूर बोचायचाही थांबला नाही. दोन्ही एकाच पानावर राहतात, एकमेकांना काही म्हणत नाहीत. वाचताना डोळा एकदा आत जातो, एकदा कडेला.

हे चाललेलं असताना आमच्या इमारतीत पिंपळाचाच विषय निघाला. मागच्या भिंतीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, पाइपाशेजारी एक पिंपळ उगवला होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो हाताच्या अंतरावर दिसतो. चैत्रात त्याला सात पानं आली होती, मी मोजली होती. वार्षिक सभेत ठराव आला: वॉटरप्रूफिंगच्या आधी पिंपळ काढावा. मी विरोधात बोलायला उभी राहिले. नीट बोलले असं वाटत होतं. तेवढ्यात काकू, त्याच गुलाब पाठवणाऱ्या, अगदी मवाळ आवाजात म्हणाल्या, "तुला पानं दिसतात, पण त्याची मुळं माझ्या भिंतीत आलीत गं. देवघराच्या मागे ओल आलीय." सभेनंतर मी त्यांच्याकडे जाऊन बघून आले. खरंच, बोटभर रुंद ओल, वरपासून खालपर्यंत, आणि पोपडे सुटलेले. इतकी वर्षं समोरासमोर राहून त्यांची ती भिंत मी कधी बघितली नव्हती.

ठराव मंजूर झाला. मीही हात वर केला. गणपतीच्या आधी माणूस आला, दोरावर लोंबकळत त्यानं पिंपळ कापला, मुळाशी काहीतरी ओतलं आणि वर सिमेंट मारलं. दिवाळीनंतर सिमेंटच्या कडेनं एक तांबूस टोक बाहेर आलं. मी सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही. काकूंना सांगितलं. त्या खिडकीशी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "पालवी बरीक सुंदर असते हो याची." मग म्हणाल्या, "पावसाळ्याच्या आत काढून घेऊ."